क्लबफूट: प्लॅस्टर चालू आहे, पुढे बूट. घरी नेमकं काय काय सांभाळायचं?

कृष्णाकाठची (प्रश्न)

मुलगी पाच आठवड्यांची. दोन्ही पाय जन्मतः आत वळलेले. पॉन्सेटी पद्धतीने (दर आठवड्याला नवं प्लॅस्टर घालून पाय थोडा थोडा सरळ करत) उपचार चालू आहेत, परवा तिसरं प्लॅस्टर घातलं. सध्या माहेरी सांगली जिल्ह्यात आहे, सासर पिंपरीला. ओपीडीत इतकी गर्दी असते की बारीकसारीक विचारायला तोंड उघडेपर्यंत पुढचा नंबर येतो, म्हणून इथे विचारते.

डाव्या पायाची बोटं परवा पूर्ण दिसत होती, आज फक्त नखं दिसतात. पुढची तारीख पाच दिवसांनी आहे, तोवर थांबलं तर चालेल का? सहा आठवड्यांची लस मांडीत देतात, पण मांडी तर जांघेपर्यंत प्लॅस्टरमध्ये आहे, मग ती कशी द्यायची? उरलेली प्लॅस्टरं पिंपरीला जाऊन घेतली तर काही बिघडेल का? टाचेची नस कापावी लागेल म्हणाले, ते टाळता येत नाही का? आणि बूट चार वर्षं घालायचे असं सांगितलंय. घरातले म्हणतात, पाय सरळ झाल्यावर कशाला? कोणी नीट सांगेल का?

प्लॅस्टर_खोली

बाकीचं नंतर, आधी बोटांचं. पाच दिवस थांबू नका. आज फोन करा आणि उद्या जा. बोटं आत गेलेली दिसतात तेव्हा प्लॅस्टर खाली सरकलेलं असतं. टाच तिच्या जागेवरून वर निघालेली असते आणि पाऊल आत चुकीच्या जागी दाबलं जात असतं. असं प्लॅस्टर पाच दिवस ठेवलं तर सुधारणा तर होत नाहीच, उलट पाऊल सुजतं आणि पुढचं प्लॅस्टर आणखी लवकर सरकतं. तारीख नसली तरी सरकलेलं प्लॅस्टर लगेच काढून घेतात. रविवार आलाच तर कॅज्युअल्टीत काढून घ्या आणि नवीन मात्र नेहमीच्या केंद्रातच घाला.

तिकडे गेल्यावर विचारा की का सरकलं. कारणं साधारण तीन. गुडघा पूर्ण ९० अंशांत वाकवलेला नसणं हे पहिलं. प्लॅस्टर जांघेपर्यंत घेऊन गुडघा काटकोनात ठेवला की पाय बाहेर ओढला जात नाही. दुसरं, आत कापूस जास्त झालेला असणं. तिसरं महत्त्वाचं: काही पावलं मुळातच वेगळी असतात. आखूड, गुबगुबीत, तळव्यावर आडवी खोल घडी, अंगठा आखूड आणि वर खेचलेला. अशा पावलाला नेहमीची पद्धत लावत राहिलं की प्लॅस्टर वारंवार निसटतं. तिथे गुडघा ११० अंशांपर्यंत वाकवून बांधतात आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कमी फिरवतात. एकाच पायाचं प्लॅस्टर दोनदा सरकलं तर हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारा.

रोजची तपासणी सोपी आहे. प्लॅस्टर घातल्या दिवशी दोन्ही पायांच्या बोटांचा फोटो काढून ठेवा आणि रोज त्याच्याशी ताडून बघा. बोट दाबलं की पांढरं पडतं, सोडल्यावर दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. पहिले काही तास दर तासाला बघा, मग दिवसातून चार वेळा पुरे. बोटं थंड, निळसर किंवा पांढरी राहिली, फार सुजली, आतून वास यायला लागला, कडेची कातडी लाल झाली किंवा उगाच ताप आला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

पायातला काळा दोरा, वाळे काही असेल तर प्लॅस्टरच्या आधी काढलेलं बरं. मनगटावर बांधा हवं तर.

ओपीडी_बुधवार

लसीचं सांगतो. राष्ट्रीय लसीकरणात सहा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (पाच रोगांची एकत्र लस) डाव्या मांडीत आणि पीसीव्ही (न्यूमोनियाची लस) उजव्या मांडीत देतात. पोलिओची टोचायची लस उजव्या दंडात, पोलिओ थेंब आणि रोटा (जुलाबाची लस) तोंडावाटे. म्हणजे अडचण फक्त मांडीतल्या दोन टोचण्यांची. त्यासाठी सगळ्यात सोयीचा दिवस म्हणजे प्लॅस्टर बदलायचा दिवस. जुनं काढलं की नवीन घालायच्या आधी मधल्या वेळात लस. मोठ्या सरकारी रुग्णालयात लसीकरण कक्ष बहुधा त्याच आवारात असतो. सकाळी केसपेपर काढतानाच दोन्ही ठिकाणी सांगून ठेवा, नाहीतर प्लॅस्टरच्या रांगेत नंबर निघून जातो. गावातल्या सिस्टरांचा लसीचा वार वेगळा असेल तर लसीचं कार्ड दवाखान्यात न्या आणि दिलेल्या डोसची नोंद त्याच कार्डावर करून घ्या.

वयाला सहा आठवडे पूर्ण होण्याआधी ही लस देत नाहीत. चार-सहा दिवस उशीर झाला तर चालतं. मात्र 'प्लॅस्टर संपल्यावर बघू' म्हणून पुढे ढकलू नका, कारण पुढचे डोस १० आणि १४ आठवड्यांचे आहेत आणि सगळी गाडी मागे जाते.

पेंटानंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. तो प्लॅस्टरमुळे आला असं समजून घाबरायचं नाही. पण दोन दिवसांनंतरही टिकला किंवा प्लॅस्टरला वास येत असला, तर ते वेगळं प्रकरण, तिथे थांबायचं नाही.

गाव बदलण्याबद्दल: जमलं तर प्लॅस्टरची फेरी एकाच हाताखाली पूर्ण होऊ द्या. साधारण पाच ते सात प्लॅस्टरं लागतात, दर आठवड्याला एक. म्हणजे तुमचे अजून तीन-चार आठवडे, मग नस, मग तीन आठवड्यांचं शेवटचं. बूट मात्र पिंपरीला चालू करायला हरकत नाही. जायचंच झालं तर उपचाराचं कार्ड मागून घ्या. त्यावर दर आठवड्याचा पिरानी स्कोअर लिहिलेला असतो: सहा खुणा, प्रत्येकीला ०, ०.५ किंवा १, एकूण ६ म्हणजे सर्वात वाकडं पाऊल. नव्या डॉक्टरांना तोच कागद कामाचा. आणि मध्ये एक आठवडासुद्धा बिनप्लॅस्टरचा जाऊ देऊ नका. तान्ह्या बाळाच्या पायाचे बंध जितके पटकन सैल होतात तितकेच पटकन परत आखडतात.

क्लबफूट राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आहे. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीमध्ये (मुलांच्या जन्मजात दोषांवर लवकर उपचार करणारं केंद्र) नाव नोंदवा. बुटांचे पुढचे मोठे जोड मिळवताना या नोंदणीचा उपयोग होतो.

सुमनआजी

आमच्या काळी असं मूल झालं की रोज कोमट तेलाने चोळून पाय सरळ करायचे. एवढ्याशा जिवाला जांघेपर्यंत प्लॅस्टर बघवत नाही. तेल-पाण्याशिवाय बाळ कसं राहील? आणि आता फायबरचं हलकं प्लॅस्टर मिळतं म्हणे, ते का घालत नाहीत?

प्लॅस्टर_खोली

आजी, गर्भात बसण्याच्या जागेमुळे नुसतं मुडपलेलं पाऊल असतं, ते हाताने सहज सरळ होतं आणि काही आठवड्यांत आपोआप सुधारतं. चोळून बरे झालेले पाय बहुतेक असे असतात. खरं क्लबफूट हाताने सरळ होत नाही. तिथे नुसतं पाऊल बाहेर पिळलं, तर घोट्याजवळचं टॅलस नावाचं हाड आपल्या जागी न बसता मधला भाग उलट आणखी वळतो. प्लॅस्टर घालणारा माणूस अंगठा नेमका त्या टॅलसच्या डोक्यावर टेकवतो आणि बाकीचं पाऊल त्याच्याभोवती थोडं थोडं बाहेर नेतो. टाचेला हातही लावत नाही. आधी तळव्याचा खळगा, मग पुढचा भाग आणि टाचेची आतली कलंड एकत्र, आणि पाऊल वर उचलणं सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला, म्हणजे घाईने पाऊल वर दाबलं, तर तळवा मधेच मोडून नावेच्या तळासारखा फुगतो. म्हणून मालिशवाल्या बाईंना डोकं, पाठ, हात सगळं चोळू द्या. पाय नाही. आणि तेल प्लॅस्टरमध्ये उतरता कामा नये.

आंघोळ ओल्या फडक्याने पुसून. काही केंद्रं सांगतात की येण्याआधी घरी प्लॅस्टर भिजवून सोडा. तसं सांगितलं असेल तरच, आणि त्याच सकाळी. आदल्या रात्री सोडलं तर आठवड्याची कमाई रात्रभरात थोडी परत जाते. घरी सोडायचं असल्यास घालणाऱ्याला सांगा की पट्टीचं टोक दुमडून वर ठेवा, ते सापडलं की निम्मं काम होतं. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं, पाण्यात थोडं व्हिनेगर घातलं तर आणखी लवकर मऊ होतं. प्लॅस्टर निघाल्यावर साबणाने पाय धुऊन अर्धा तास मोकळा मिळतो, तीच पायाची खरी आंघोळ.

फायबर हलकं आणि पाण्याला टिकणारं असतं हे खरं. पण इवल्याशा पावलाचा आकार नीट उतरतो तो साध्या प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्येच, म्हणून बहुतेक जण तेच वापरतात. जाड प्लॅस्टर पूर्ण वाळायला एक ते दोन दिवस लागतात, पावसाळ्यात जास्तच. तोवर पाय उशीवर, टाचेखाली दाब नको, पंख्याचा वारा चालेल. हेअर ड्रायरचा गरम झोत नको. ओलं प्लॅस्टर दुपट्यात किंवा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळूही नका, आत वाफ धरते.

शी-शूचा त्रास सगळ्यांना होतो. कापडी लंगोटापेक्षा या दोन महिन्यांत मांडीला लास्टिक असलेले डायपर बरे. प्लॅस्टरची वरची कड डायपरच्या बाहेर राहिली पाहिजे, आत खोचली गेली की सगळं ओलं तिथेच मुरतं. पावडर टाकू नका, ओली होऊन तिचे गोळे होतात.

मधला_पट्टा

नस कापण्याबद्दल. टाळायचा हट्ट धरू नका. पाऊल बाहेर ६०-७० अंश फिरलं तरी टाच वरच राहते, कारण मागची जाड नस (अकिलिस टेंडन) आखूड असते आणि ती प्लॅस्टरने ताणली जात नाही. दहापैकी आठ-नऊ मुलांना हे लागतंच. जागा बधिर करून टाचेच्या हाडाच्या थोडं वर बारीक पात्याने नस पूर्ण कापतात. काही मिनिटांचं काम आहे, टाका लागत नाही. काही रुग्णालयांत पूर्ण भूल देतात. तसं असेल तर किती तास आधी दूध बंद करायचं हे लिहून घ्या, नाहीतर अंगावर पाजलं म्हणून परत पाठवतात.

मग तीन आठवडे शेवटचं प्लॅस्टर. तेवढ्यात नस लांब होऊन पुन्हा जुळते. टाचेपाशी प्लॅस्टरवर एखादा रक्ताचा डाग ठीक. त्याभोवती पेनाने रेघ मारून ठेवा, डाग रेघेबाहेर पसरत गेला तर कळवा.

आता बूट, म्हणजे एका आडव्या पट्टीला जोडलेला जोड. घरातल्यांना समजावायचं खरं काम इथे आहे. प्लॅस्टरने पाय सरळ होतो, पण पाय वाकडा करणारी ओढ स्नायू-बंधांत काही वर्षं तशीच असते. पाऊल दिसायला अगदी छान असतानाच बूट सुटतात आणि पाऊल परत वळायचं सगळ्यात मोठं कारण तेच. म्हणून पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, फक्त आंघोळीपुरते काढायचे. त्यानंतर रात्रीची आणि दुपारची झोप मिळून १२ ते १४ तास, चार वर्षांचं होईपर्यंत. चालायला शिकायच्या वयात ते दिवसा पायात नसतातच, त्यामुळे 'मूल चालणार कसं' ही काळजी नको.

शेवटचं प्लॅस्टर निघेल त्याच दिवशी बूट पायात पडायला हवेत. 'पुढच्या आठवड्यात या, बूट येतील' असं उत्तर मिळालं तर बूट येईपर्यंत प्लॅस्टर घालून द्या म्हणावं. बूट मिळाल्यावर तिथेच बघून घ्या: दोन्ही टाचांमधलं अंतर बाळाच्या खांद्याइतकं, बुटांची टोकं बाहेर ६०-७० अंश (एकाच पायाला क्लबफूट असेल तर चांगल्या पायाचा बूट ३०-४० अंश). पट्टीला थोडा बाक असतो, त्याने पावलं वरच्या बाजूला राहतात. पट्टी उलटी लागली तर पावलं खाली झुकतात, हे होताना दिसतं.

घालायची रीत: सुती मोजे, शिवण उलटी बाहेर आणि एकही चुणी नाही. जास्त वाकडा असलेला पाय आधी. गुडघा वाकवून टाच खाली दाबून धरायची आणि मधला पट्टा आधी. टाच खाली धरून ठेवतो तो हाच. मग नाडी किंवा बाकीचे पट्टे. नंतर पोटरी हलकेच वरखाली करून बघा. बोटं आत पुढेमागे सरकत असतील तर टाच बसलेली नाही, पुन्हा सोडून बांधा. बुटाला मागे भोक असेल तर त्यातून टाच दिसते. बोटं कुठवर येतात त्याची बुटाच्या तळाला मार्करने रेघ मारून ठेवली की रात्री बॅटरीच्या उजेडातही कळतं.

बाळ लाथा मारून पाय बाहेर काढतं? मधला पट्टा एक भोक घट्ट. तरीही निघतो? बुटाची जीभ काढून टाका, काही बिघडत नाही. नाडी वरून खाली ओवा म्हणजे गाठ बोटांकडे येते आणि ओढून सुटत नाही. हे सगळं करूनही टाच बसत नसेल तर दोष बुटाचा नसेलही. पाऊल परत आखडायला लागलं असेल. दुकानात दुसरे बूट शोधण्याऐवजी क्लिनिकला जा.

पहिले दोन दिवस रडारड होते. दुखतं म्हणून नाही, दोन्ही पाय वेगवेगळे हलत नाहीत म्हणून. पट्टी धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवायचे, सरळ करायचे. हा खेळ दिवसात चार-सहा वेळा केला की बाळाला कळतं. एकदा रडलं म्हणून काढलं की रडलं की निघतात हेही त्याला कळतं. थोडी लाली चालेल. पण टाचेच्या मागे गडद लाल ठिपका किंवा फोड आला, तर बहुतेक वेळा बूट घट्ट नसून सैल असतो आणि टाच घासत असते. लोशन चोळू नका, कातडी आणखी मऊ पडते.

ओपीडी_बुधवार

वरच्यात थोडी भर. पट्टीचे स्क्रू आठवड्याला एकदा तपासा, सैल झाले की कोन फिरतो. कोनाच्या जागी मार्करची खूण करा. तुटलेला पट्टा कोपऱ्यावरच्या मोचीकाकांकडून शिवून घ्यायला हरकत नाही, पण कोन आणि पट्टीला हात लावू देऊ नका. चामड्याचे बूट ओले झाले तर सावलीत वाळवा. कडक उन्हात ठेवले की कडक होतात आणि मग घासतात. पावसाळ्यात मोज्यांचे निदान सहा जोड हवेत. पट्टीला सायकलच्या हँडलचा फोम लावा, कडेवर घेताना तुमच्या बरगडीला लागत नाही.

बोटं बुटाच्या पुढच्या कडेवरून वळायला लागली की माप संपलं. पहिल्या वर्षी हे दर तीन-चार महिन्यांनी होतं, आणि त्यावेळी खांदेही वाढलेले असतात, म्हणून पट्टीचंही माप घ्या. पुढचा जोड मिळायला वेळ लागतो तिथे एक बोट रुंदीची जागा उरली असतानाच मागणी नोंदवा.

कृष्णाकाठची

उद्या सकाळीच जाते. दोन गोष्टी राहिल्या. पाऊल परत वळतंय हे घरी ओळखायचं कसं? आणि आमच्याकडे बाळ झोळीत झोपतं, बूट घालून चालेल?

मधला_पट्टा

चालायला लागण्याआधी: आंघोळीच्या वेळी गुडघा सरळ ठेवून पाऊल वर उचला. पूर्वीइतकं येत नसेल, टाच हाताला रिकामी लागत असेल, तर तारखेची वाट न बघता दाखवा. चालायला लागल्यावर: टाच आधी टेकते की नाही, पाऊल उचलताना तळवा आत वळतो का, चपलेची बाहेरची कड लवकर झिजते का. सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे उकिडवं बसवणं. दोन्ही टाचा जमिनीला टेकून बसता आलं पाहिजे. एकच टाच उचलली जात असेल तर आधी ती बघा. लवकर लक्षात आलं तर बहुतेक वेळा दोन-तीन प्लॅस्टरं आणि पुन्हा नियमित बूट यावर भागतं. तीनेक वर्षांपुढे चालताना पाऊल सारखं आत वळत राहिलं, तर पुढच्या बाजूचा एक स्नायूबंध पावलाच्या मधल्या भागाकडे हलवायची शस्त्रक्रिया करतात.

एकाच पायाला असलं तर ती पोटरी थोडी बारीक आणि पाऊल थोडं लहान राहतं. ते कायमचं असतं, परत वळल्याची खूण नव्हे.

झोळी बूट असताना नको. कापड दोन्ही बाजूंनी आवळतं, पट्टी तिरकी होते, गुडघे दाबले जातात आणि मूल हलूही शकत नाही. सपाट लाकडी पाळणा किंवा खालची गादी, उताणं. पाळण्याच्या कठड्यातून पट्टी अडकत नाही ना, ते पट्टी आडवी धरून एकदा बघून घ्या. पांघरूण फक्त पोटापर्यंत, पायांवर जड गोधडी नको.